शेऱ्याचा रकाना

विद्यापीठ ही इन्स्टिट्यूशन, बँक ही इन्स्टिट्यूशन, संसद ही इन्स्टिट्यूशन. लग्न हीसुद्धा इन्स्टिट्यूशनच. जुनेजाणते प्राध्यापक निवृत्त होतात तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांनाही इन्स्टिट्यूशन म्हणतात. आणि मग कुणीतरी आवाज खाली आणून सांगतं, की अमक्याच्या भावाला इन्स्टिट्यूशनमध्ये ठेवलंय. तो भाऊ विद्यापीठात शिकवायला गेलेला नाही, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. मनोरुग्णालय, अनाथाश्रम, सुधारगृह, तुरुंग, सगळ्यांना इंग्रजीत हाच एक शब्द चालतो.

ज्ञानाचं सर्वांत उंच घर आणि बाहेरून कडी घातलेली खोली यांना एकच नाव का असावं, हा प्रश्न बराच काळ माझ्या डोक्यात आहे. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. दोन्हीकडे जे चालतं ते मुळात एकच आहे, आणि ते नीट न पाहिल्यामुळे आपण संस्थांवर एक तर आंधळा विश्वास टाकतो, नाही तर सरसकट राग धरतो.

आपली 'संस्था' यातली बरीच वाट चालते. सहकारी संस्था म्हणताना माणसांचं संघटन डोळ्यांपुढे येतं, विवाहसंस्था म्हणताना रूढी आणि बंधनं. मूळही सारखंच: उभं राहणं या अर्थाचा संस्कृतचा 'स्था' आणि लॅटिनमधला त्याचा भाऊबंद. पण कुलूपबंद वॉर्डापर्यंत मराठी 'संस्था' जात नाही, आणि मराठीत विचार करताना ती काळी बाजू सहज नजरेआड होते.

लॅटिनमध्ये हा शब्द वस्तूचा नव्हता, कृतीचा होता. काहीतरी उभं करणं, घालून देणं, शिकवणं. सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३३ मध्ये कायद्याच्या नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी जे पाठ्यपुस्तक काढलं, त्याचं नाव याच शब्दाचं अनेकवचन होतं. इंग्लंडच्या चर्चमध्ये धर्मगुरूला एखाद्या परगण्याची जबाबदारी सोपवण्याच्या विधीला आजही 'इन्स्टिट्यूशन' म्हणतात. म्हणजे कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी केलेली ही गोष्ट. पुढे करणं गळून पडलं आणि केलेलं तेवढं उरलं. मग ती गोष्ट जणू पूर्वापार तिथे उभीच होती असं वाटू लागलं. डोंगराला जसं आपण विचारत नाही तुला कुणी बसवलं, तसं तिलाही विचारेनासे झालो.

या विसराळूपणाचा सर्वांत भीषण उपयोग अमेरिकेच्या दक्षिणेत झाला. १९व्या शतकात तिथले मळेवाले आणि त्यांचे पुढारी गुलामगिरीला गुलामगिरी म्हणायचं टाळत. ते म्हणत, 'आमची पिक्युलियर इन्स्टिट्यूशन'. यात पिक्युलियर म्हणजे विचित्र नव्हे. खास आमची, आमच्या प्रदेशाची. माणसांचे लिलाव, आईपासून तोडून विकलेली मुलं, पाठीवरचे चाबकाचे वळ, हे सगळं त्या एका शब्दाने शाळा, चर्च आणि लग्न यांच्या रांगेत नेऊन बसवलं. ज्याला इन्स्टिट्यूशन म्हटलं त्याच्यावर घाव घालणं म्हणजे समाजाच्या पायावर घाव घालणं, असं वाटायला लावण्याची ताकद त्या शब्दात होती. जॉन कॅल्हून हा दक्षिण कॅरोलायनाचा सिनेटर या मांडणीचा मोठा वकील.

याच कॅल्हूनची गाठ एका अगदी वेगळ्या इन्स्टिट्यूशनशी पडली. ती हकीकत मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जेम्स स्मिथसन हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ, खनिजांचा अभ्यासक. एका ड्यूकचा अनौरस मुलगा. १८२९ मध्ये इटलीत जेनोआ इथे तो वारला. मालमत्ता पुतण्याला ठेवली होती, पण मृत्युपत्रात आणखी एक तरतूद होती. पुतण्या निपुत्रिक वारला तर सगळा पैसा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना द्यावा आणि त्यातून वॉशिंग्टनमध्ये, 'स्मिथसोनियन इन्स्टिट्यूशन' या नावाने, माणसांमध्ये ज्ञानाची वाढ आणि प्रसार करणारं काहीतरी उभारावं. स्मिथसनने अमेरिका कधी पाहिलेली नव्हती. हे असं का केलं याचं कारणही त्याने लिहून ठेवलं नाही. पुतण्या १८३५ मध्ये निपुत्रिक वारला आणि ती तरतूद जिवंत झाली.

अमेरिकी काँग्रेसमध्ये पहिला वाद झाला तो हे दान घ्यावं की नाही यावरच. कॅल्हून उभा राहिला आणि म्हणाला, असं दान घेणं राष्ट्राला शोभत नाही. तरी ते घेतलं गेलं. १८३८ मध्ये एक लाखाहून जास्त सोन्याच्या मोहरा पेट्यांतून अटलांटिकपार आल्या; त्यांची किंमत पाच लाख डॉलरच्या वर भरली. सरकारी खजिन्याने त्यातली मोठी रक्कम अर्कान्सासारख्या राज्यांच्या रोख्यांत घातली, आणि ते रोखे बुडीत निघाले. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स तेव्हा लोकप्रतिनिधी होते. म्हातारपणी ते या पैशासाठी हट्टाने भांडत राहिले, की देणाऱ्याचा हेतू मोडता कामा नये, सरकारने रक्कम भरून द्यावी. दुसऱ्या बाजूने, या पैशाचं करायचं काय याचा घोळ. कुणी म्हणे विद्यापीठ, कुणी ग्रंथालय, कुणी शेतकी शाळा. ॲडम्सना वेधशाळा हवी होती. मृत्युपत्रात शब्द होता, आत काय भरायचं ते नव्हतं. कायदा झाला १८४६ मध्ये.

आज तिथे संग्रहालयांची रांग आहे, आणि पाहणाऱ्याला ती जणू त्या शहराबरोबरच उगवली असं वाटतं. ती भांडणातून उगवली आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बुडालेले रोखे, सभागृहातली टोलवाटोलवी, एका म्हाताऱ्याचा हट्ट, हे सगळं त्या भिंतींमध्ये आहे. स्मिथसन मात्र वॉशिंग्टनला पोचला तो मेल्यावर पाऊणशे वर्षांनी. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल १९०४ मध्ये त्याचे अवशेष जेनोआहून घेऊन आले.

इमारत म्हणजे संस्था नव्हे, हे पटवायला स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचं पाणी-न्यायालय पुरेसं आहे. दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथीड्रलच्या दाराबाहेर, उघड्यावर, काळे अंगरखे घातलेले आठ शेतकरी खुर्च्यांवर बसतात. सगळे कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले. पाणी चोरलं, पाट फोडला, पाळी चुकवली, अशा तक्रारी तिथल्या तिथे तोंडी ऐकायच्या आणि तोंडीच निकाल द्यायचा. हे कित्येक शतकं चाललं आहे, आणि त्याला कायद्याची मान्यता आहे. २००९ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती हाळी. शिपाई एकेका कालव्याचं नाव घेऊन पुकारतो, कुणावर आरोप आहे का. अनेकदा एकही तक्रार नसते. तरी सगळी नावं पुकारली जातात. कुणी आलेलं नसतानाही ज्या दिवशी, ज्या वेळी ती हाळी पडते, तिथे ती संस्था जिवंत आहे.

अर्थशास्त्रज्ञ डग्लस नॉर्थ यांनी, ज्यांना १९९३ चं नोबेल मिळालं, याची चोख वाटणी केली: इन्स्टिट्यूशन म्हणजे खेळाचे नियम, ऑर्गनायझेशन म्हणजे खेळणारे संघ. वाटणी उपयोगी आहे. पण रोजच्या बोलण्यात लोक ती पाळत नाहीत, आणि मला वाटतं लोकांचं बरोबर आहे. नियम आणि ते पाळणारी माणसं एकमेकांत इतकी मुरलेली असतात, की वेगळी करायला गेलं तर हातात दोन निर्जीव गोष्टी येतात.

हे मी ऐकून सांगत नाही. एका सभासदांच्या वाचनालयाचा मी कार्यवाह आहे. कार्यभार घेतला तेव्हा मला किल्ल्यांचा जुडगा, बँकेचं पासबुक आणि इतिवृत्ताच्या वह्या मिळाल्या. सर्वांत जुन्या वहीची पानं पिवळी पडून कडांना ठिसूळ झाली आहेत. बोरूसारख्या जाड टाकाने लिहिलेलं पहिलं वाक्य आहे, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले'. पानं उलटत गेलो तसं अक्षर बदललं. कुणाचं गोल, कुणाचं उजवीकडे झुकलेलं, कुणाचं घाईचं. शाई निळी झाली, मग बॉलपेन आलं, मग छापील कागद चिकटवलेले. सह्या बदलल्या, एका कार्यवाहांची सही शेवटच्या काही पानांवर थरथरलेली दिसते आणि मग दिसतच नाही. वाक्य मात्र तेच. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. लिहिणारे निघून गेले, वाक्य पुढच्याच्या हातात आलं. ते वाक्य मी पहिल्यांदा माझ्या अक्षरात लिहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

म्हणूनच शोकसभेतलं एक वाक्य मला पटत नाही: 'ते व्यक्ती नव्हते, संस्था होते.' म्हणणाऱ्याच्या मनात आदर असतो, पण संस्थेचं लक्षण नेमकं उलट आहे. माणूस उठून गेला तरी जे चालू राहतं ती संस्था. एखाद्या माणसावाचून सगळं अडत असेल, तर तो माणूस थोर असेल, पण त्याने संस्था उभी केलेली नाही. 'त्यांच्यानंतर काही अडलं नाही' हे कुणाबद्दल म्हणता आलं तर त्याहून मोठा गौरव नाही.

माणूस गेला तरी चालू राहायचं, तर माणसाकडे न पाहता चालता आलं पाहिजे. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर नोकरशाहीबद्दल हेच सांगतात: व्यक्तीकडे न पाहता, राग-लोभाशिवाय काम. खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईला तिच्या बापाचं नाव, तिची ओळख, तिची ऐपत विचारली जात नाही. अर्ज पुरा असेल तर काम होतं. शतकानुशतकं ज्यांची कामं केवळ ओळख नाही म्हणून झाली नाहीत, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी सुटका आहे! संस्था तुम्हाला ओळखत नाही, म्हणून ती तुमच्यावर अन्याय करत नाही. संस्थांना शिव्या घालणाऱ्या बहुतेकांच्या गाठीला ओळखीचा एखादा मोठा माणूस असतो, असं माझं निरीक्षण आहे. ज्यांच्याकडे कुणीच नाही, त्यांना नियमाचा आधार लागतो.

आणि कुलूपबंद वॉर्डही याच ओळख नसण्यातून तयार होतो.

अर्व्हिंग गॉफमन हे समाजशास्त्रज्ञ १९५५-५६ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या प्रचंड मनोरुग्णालयात वर्षभर वावरले. १९६१ मध्ये त्यांनी 'टोटल इन्स्टिट्यूशन' ही कल्पना सविस्तर मांडली. झोपणं, काम करणं आणि विरंगुळा या एरवी वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या माणसांबरोबर होणाऱ्या गोष्टी जिथे एकाच छताखाली, एकाच वेळापत्रकाने, एकाच अधिकाराखाली होतात ती जागा. त्यांनी मनोरुग्णालयाच्या शेजारी तुरुंग ठेवला, सैन्याची बराक ठेवली, निवासी शाळा ठेवली, मठही ठेवला. वाचणारा दचकतो ते इथे. मठात माणूस आपखुशीने जातो, तुरुंगात नेला जातो, पण आत शिरताना दोघांचेही स्वतःचे कपडे जातात, वस्तू जातात, आणि दिवस दुसऱ्याच्या घंटेवर चालू लागतो.

माझी एक मावशी शेवटची काही वर्षं वृद्धाश्रमात होती. जागा स्वच्छ, माणसं सौजन्याची, तक्रारीला जागा नाही. एकदा ती चार दिवस आमच्याकडे राहायला आली. पहाटे मला जाग आली तर मावशी खांद्यावर टॉवेल टाकून, हातात साबणाची डबी घेऊन न्हाणीघराच्या दाराशी उभी. आत कुणीच नव्हतं, दार सताड उघडं होतं. "अगं, जा ना मावशी," म्हटलं, तर म्हणाली, "माझा नंबर आला का?" ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ रसेल बार्टन यांनी १९५९ मध्ये अशा स्थितीचं वर्णन करून तिला वेगळं नाव दिलं. मूळ आजारामुळे नव्हे, तर संस्थेत राहिल्यामुळे येणारी उदासीनता, पुढाकार संपणं, हुकमाची वाट पाहणं. कुणी मारलेलं नसतं, उपाशी ठेवलेलं नसतं.

याच्याही आधी, १९४५ मध्ये, रेने स्पिट्झ या डॉक्टरांनी तान्ह्या मुलांच्या दोन जागांची तुलना केली होती. एक अनाथालय: स्वच्छता उत्तम, अन्न चांगलं, वैद्यकीय देखरेख चोख, पण एकेका परिचारिकेकडे बरीच बाळं. पाळण्यांच्या कठड्यांवर चादरी टाकलेल्या, त्यामुळे बाळाला वरचं छत तेवढं दिसायचं. दुसरी जागा तुरुंगातलं पाळणाघर, जिथे कैदी आया स्वतःच्या बाळांना स्वतः सांभाळत. तुरुंगातली मुलं वाढली, खेळली, चालू लागली. अनाथालयातली मागे पडत गेली, आजारी पडली, आणि त्यातली कितीतरी दगावली. मुख्य फरक हा, की तुरुंगात प्रत्येक बाळासाठी एक ठरावीक माणूस होतं. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, पुढे वाचवेना.

संस्थेच्या हातून होणारी इजा अशी असते, की बोट कुणाकडे दाखवावं कळत नाही. लंडनमध्ये १९९३ मध्ये स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाचा खून झाला. पोलिसांनी केलेल्या तपासाच्या चौकशीचा अहवाल १९९९ मध्ये आला. त्याने 'इन्स्टिट्यूशनल रेसिझम' हे शब्द वापरले आणि त्याला संघटनेचं सामूहिक अपयश म्हटलं. एकेक पोलीस सज्जन असू शकतो आणि तरीही ठाण्याची सवय, ठाण्याची भाषा, ठाण्याचं गृहीतक माणसाला न्याय नाकारू शकतं. विशेषण म्हणून हा शब्द या अर्थाने रुळला, हे मला मोठं काम वाटतं. एरवी अशा दोषाला नावच नव्हतं.

मग माणसाने आत उभं राहून करायचं तरी काय? याचं मला माहीत असलेलं सर्वांत थेट उत्तर गोरिझियातलं आहे. इटलीच्या सीमेवरच्या या गावात १९६१ मध्ये फ्रांको बझालिया हे डॉक्टर मनोरुग्णालयाचे संचालक म्हणून रुजू झाले. तरुणपणी फॅसिस्टविरोधी म्हणून त्यांनी तुरुंग पाहिला होता. या दवाखान्यात पाऊल टाकताच तोच वास आला, असं ते सांगत. हुद्द्याच्या पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे नोंदवही ठेवली गेली. रात्री कोणाकोणाला बांधून ठेवलं त्याची यादी, खाली संचालकांच्या सहीची जागा. रोजचाच रिवाज. बझालियांनी वही पाहिली आणि म्हणाले, मी सही करणार नाही.

या प्रसंगाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. त्यांनी दार तोडलं नाही, भाषण केलं नाही. वर्षानुवर्षं भरली गेलेली एक जागा रिकामी ठेवली. बांधणारे हात दुसऱ्यांचे होते, पण त्या हातांना रोज सकाळी एक सही लागत होती, आणि ती आतापर्यंत प्रत्येकाने 'हे आपलं काम आहे' म्हणून दिली होती.

पुढे ते ट्रिएस्टला गेले. तिथल्या इस्पितळात धुण्याच्या कपड्यांची गाडी ओढणारा मार्को नावाचा घोडा होता. म्हातारा झाल्यावर त्याला कसायाकडे पाठवू नये म्हणून रुग्णांनी पत्र लिहिलं. १९७३ मध्ये रुग्ण, परिचारक आणि कलावंतांनी मिळून लाकडाचा आणि कागदाच्या लगद्याचा एक भलामोठा निळा घोडा बनवला. मिरवणुकीने बाहेर काढायची वेळ आली तेव्हा कळलं, घोडा दारातून जात नाही. मग दार मोडलं आणि घोडा शहरात गेला. १९७८ मध्ये इटलीने जुनी मनोरुग्णालयं बंद करण्याचा कायदा केला. त्याचा क्रमांक १८०, पण लोक त्याला बझालियांच्याच नावाने ओळखतात.

या गोष्टीचा अर्थ 'संस्था मोडा' असा घेणाऱ्यांशी माझं पटत नाही. अमेरिकेत १९५५ मध्ये सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे साडेपाच लाख माणसं होती. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींनी वस्तीवस्तीतल्या उपचार केंद्रांच्या कायद्यावर सही केली. मोठी रुग्णालयं रिकामी होत गेली, पण ठरली होती तेवढी केंद्रं उभी राहिलीच नाहीत. वॉर्डातून सुटलेली पुष्कळ माणसं फुटपाथवर आणि तुरुंगात पोचली. ट्रिएस्टमध्ये भिंत पाडली तेव्हा पलीकडे रात्रंदिवस उघडी राहणारी केंद्रं होती, राहायला घरं होती, कामाच्या सहकारी संस्था होत्या. एका संस्थेच्या जागी दुसरी, जास्त कष्टाची संस्था उभी केली होती.

आता माझ्या रजिस्टरबद्दल. वाचनालयाच्या देवघेव विभागात जे रजिस्टर असतं त्याचे रकाने असे: तारीख, सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, परतीची तारीख, दंड, सही. एक सभासद बाई पुस्तक परत करायला आल्या. मुदत उलटून फार दिवस झाले होते. काउंटरवरच्या मुलीने नियमाप्रमाणे दंड सांगितला. बाईंनी पर्स उघडून तो लगेच दिला, माफीचं नाव काढलं नाही. फक्त म्हणाल्या, "उशीर का झाला ते लिहून घेता का?" पुस्तक त्यांच्या आईने वाचायला मागितलं होतं. आई इस्पितळात होती, पुस्तक उशाशी होतं. आई गेली. पुस्तक तिथून आणायचं भान कुणाला नव्हतं. मुलगी रजिस्टरकडे पाहत राहिली. लिहायचं कुठे? दंडाच्या रकान्यात आकडा बसतो, सहीच्या रकान्यात सही.

मुलगी चुकली नव्हती, नियमही चुकीचा नव्हता. सभासद क्रमांकाकडे पाहून दंड कमी-जास्त होऊ लागला तर वाचनालय दोन वर्षांत ओळखीपाळखीवर चालायला लागेल. बाईंनाही सवलत नको होती. त्यांना एवढंच हवं होतं, की ज्या कागदावर त्यांची कसूर नोंदली गेली त्याच कागदावर त्यांची गोष्टही एका ओळीत असावी.

पुढच्या कार्यकारिणीत मी विषय मांडला: रजिस्टरमध्ये 'शेरा' हा रकाना वाढवावा. मला वाटलं होतं दोन मिनिटांत मंजूर होईल. झाला नाही. आमचे एक ज्येष्ठ सदस्य, जे उभा जन्म सरकारी दप्तरात घालवून निवृत्त झाले, त्यांनी ठाम विरोध केला. त्यांचं म्हणणं असं: "शेरा सभासदाच्या बाजूचा असतो असं तुम्हाला वाटतंय. मी आयुष्यभर शेरे पाहिलेत. शेऱ्यात लिहितात 'उद्धट बोलतो', 'वारंवार तक्रारी करतो', 'सवय आहे'. आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला ते कधी दिसत नाही."

गॉफमन यांनी सेंट एलिझाबेथ्सच्या रुग्णांच्या फायलींबद्दल जवळपास हेच नोंदवलं आहे: माणसाच्या आयुष्यातले कमीपणाचे प्रसंग तेवढे वेचून फाइल भरते, आणि ती रुग्णाखेरीज बाकीच्यांना वाचता येते. सदस्यांनी ते वाचलेलं नव्हतं, त्यांना ते दप्तरातून कळलं होतं. संस्थेने तुम्हाला ओळखू नये यात धोका आहे, तसाच तिने तिच्या सोयीने ओळखावं यातही. माझ्या प्रस्तावात हा विचार नव्हता, त्यांच्या विरोधात होता.

त्या दिवशी चर्चा लांबली. शेवटी जो ठराव झाला त्यात चार वाक्यं आहेत. रजिस्टरमध्ये शेऱ्याचा रकाना असावा. त्यात फक्त सभासदाने, स्वतःच्या हाताने लिहावं. लिहिता येत नसेल तर त्याने सांगितलेले शब्द जसेच्या तसे उतरवून त्याला वाचून दाखवावे. कर्मचाऱ्यांनी किंवा कार्यकारिणीने त्या रकान्यात काहीही लिहू नये. ज्येष्ठ सदस्यांनी एवढ्यावरही समाधान झालं नसल्याचं सांगून आपला विरोध नोंदवायला लावला. त्यांचं कारण: आज रकाना सभासदाचा आहे, पण रकाना तयार झाला की कधी ना कधी कुणीतरी त्यात आपला हात घालतोच. ते कारण मी इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत, पूर्ण लिहिलं आहे, म्हणजे माझ्यानंतर जो कार्यवाह येईल त्याला ठरावाबरोबर तेही वाचावं लागेल.